उभा धरून

पोवई नाक्यावरच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
ह्याला फिरवायचं कामच नाही, दादा.
उभा धरा, आडवं येतं.

मी चौदा हप्ते बांधून घेतले.
हौस म्हणून नाही. टॉवरवर
एक हात कायम शिडीचा असतो.
नौशादनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं :
एक हात कंपनीचा, एक हात बायकोचा.
सुटला तर कंपनीचा सुटू दे.
फोन आडवा धरायला दोन्ही लागतात.

चाळकेवाडीचा सडा, सात नंबरचा टॉवर.
आत ऑइलचा वास, आणि
अडीचशे पायऱ्यांत चार वेळा थांबणं.
झडप ढकलली की आधी वारा आत येतो,
उजेड मागनं.
हूक अडकवला. पुन्हा एकदा ओढून बघितला.
मग खिशातनं फोन काढला, अंगठ्यानं चालू केला,
आणि उभ्या फोनात
अख्खा सडा आडवा झाला.
कुसळीचं पिवळं, कातळाचं काळं,
उरमोडीच्या पाण्याची एक चीर,
चार नंबरची बंद पडलेली पाती,
खाली मुंगळ्याएवढी मोटरसायकल
आणि तिच्या बाजूला नौशाद, हात हलवतोय
का शिव्या देतोय, वरनं कळत नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद.
माझा आवाज त्यात नाही. सगळा वाराच आहे.

हे आबांसाठी होतं.
उभा जन्म त्यांनी ह्या सड्यावर मेंढरं चारली
आणि सडा बघितला तो फक्त
काठीच्या उंचीवरनं.
माघात डावं अंग गेलं. तेव्हापासून
घोंगड्यावर, एका कुशीवर,
दाराकडं तोंड करून.

संध्याकाळी फोन तांब्याला टेकवून उभा केला.
आबा बघत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले,
"भिंत कुणाची रं ही?"

मी फोन आडवा केला.
चित्र शहाणं. आपलं आपण फिरलं,
मोठं झालं, सरळ झालं
माझ्यासाठी.
"भित्ताडच हाय," आबा म्हणाले.

बघणाराच आडवा असला तर काय करायचं,
हे दुकानातल्या पोरानं सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

पुतणी कृतिका, नववीतली,
ताटं मांडता मांडता आली,
काचेवरचं एक बारकं कुलूप दाबलं,
फोन पुन्हा उभा केला आणि भाकरी बघायला गेली.
आता मला टॉवर भिंतीतनं बाहेर आलेल्या
खुंट्यांसारखे दिसत होते,
आणि आबा गप्प झाले होते.

माझी मान अवघडली तसा मी
त्यांच्या मागं, त्याच घोंगड्यावर, त्याच कुशीवर पडलो.
तेलाचा वास. मानेवर वाढलेले पांढरे केस,
कापायचे राहिलेत.
आणि त्यांच्या खांद्यावरनं सडा दिसला,
सरळ.

आबांचा उजवा हात काचेवर फिरायला लागला.
चित्र थांबलं, पुढं पळालं, मागं आलं.
"हितं डबकं हुतं. चैतापातूर पाणी असायचं."
ते चार नंबरच्या पायात गेलं.
मी बोललो नाही.
बोट सरकत कडेला गेलं, कडेवरनं उतरलं,
फोन संपला तरी थांबलं नाही,
तांब्यावर आलं.
"ह्याच्या पल्याडचं दाव की."

पल्याडचं अकरा नंबरवरनं दिसतं.
जेवण झाल्यावर अंगणात येऊन नौशादला फोन लावला,
अकराची सर्व्हिसिंग आधी घेता येईल का.
तो म्हणाला, यादीत मार्च आहे.
का रं?